‘मुंगूस’ शब्दाची फोड

इंग्रजी कोशांत शब्दांचे तुकडे पाडून दाखविण्याची रीत आहे. ती पाहून आमच्या परभणी जिल्ह्यातील विद्यार्थी मुंगसाच्या इंग्रजी नावाचे ‘मॉन’ व ‘गूस’ असे दोन भाग करितो. दुसऱ्या भागात त्यास ‘गूस’ नावाचा बदकाच्या जातीचा पक्षी दिसतो, आणि त्या पक्ष्याचे अनेकवचन ‘गीस’ होते म्हणून तो बेधडक ‘मॉनगीस’ लिहून मोकळा होतो! शिक्षक लाल शाईची रेघ ओढून ‘मॉङ्गूसेस’ असे लिहावयास सांगतात; कारण मात्र क्वचितच सांगितले जाते. आमच्या मते ते कारण हाच खरा पाठ होय.

कोशातील फोड ही ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा एवढ्यापुरती असते. शब्दाचे कुळ तीत शोधू नये. मुंगसाचा त्या पक्ष्याशी काडीचाही संबंध नाही. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर वावरणाऱ्या इंग्रजांनी हा शब्द मराठीतून उचलला. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो आढळतो. संस्कृत ‘नकुल’ मागे राहिला, हिंदी ‘नेवला’ मागे राहिला, आणि कुंपणाखालचे आपले मुंगूस तेवढे विलायतेस पोहोचले. पुढे त्या पक्ष्याचे स्पेलिंग त्याच्या शेपटीस चिकटले, इतकेच. अर्थात् आपणही फार ताठू नये. तेलुगूत ‘मुंगिस’ व कन्नडात ‘मुंगिसि’ आहेच, आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात नांदलेल्या या जिल्ह्यास ते शेजार नवे नाहीत.

उच्चाराची गोष्ट याहून मनास लागणारी आहे. शेताच्या बांधावर जो मुलगा ‘मुंगूस’ स्वच्छ म्हणतो, तोच वर्गात ‘मॉन-गूज’ म्हणून अडखळतो. वास्तविक ‘अंग’, ‘रंग’ या शब्दांत अनुस्वाराचा जो ङ्-कार होतो, तोच इंग्रजीतही आहे. ‘गू’ दीर्घ आहे. अंती ‘स’च आहे. पहिल्या स्वराचा ‘ऑ’ करावा व जोर पहिल्या अक्षरावर द्यावा, की झाले. परंतु आपल्या तोंडचा शब्द इंग्रजीच्या तासास चालेल, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. ते शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगावे.

जाता जाता, घुशीचे ‘बँडिकूट’ हे इंग्रजी नाव तेलुगू ‘पंदिकोक्कु’वरून आले आहे, ‘पंदि’ म्हणजे डुक्कर व ‘कोक्कु’ म्हणजे उंदीर. त्याची फोड करिताना कोणी बँड वाजवू नये.