स्लो सायकल, फुल्ल धमाल!

शुक्रवारी संध्याकाळी कुठल्याही ऑफिसात कॉफी मशीनपाशी पाच मिनिटं उभे राहा. "उद्या किती?" "साठ." "ॲव्हरेज?" "गेल्या वेळी चोवीस आला, आता सव्वीस काढायचाय!" नवख्या माणसाला वाटेल, सेल्सचं टार्गेट चाललंय. तसं नाही हो, ही आपली सायकलवाली मंडळी! हल्ली प्रत्येक टीममध्ये एक तरी असतोच. त्याच्या सायकलची किंमत त्याच्या मोटरसायकलपेक्षा जास्त असते आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये तो मुळीच थकलेला दिसत नाही. (याचा आपल्याला होणारा त्रास वेगळाच!)

या लोकांबद्दल मला आदर आहे. ब्रेव्हे नावाच्या प्रकारात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात, आणि आठवडाभर कीबोर्ड बडवणारी माणसं ते करतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच एकट्याने मारली. सलाम!

पण आज मला बोलायचंय ते एका वेगळ्याच राइडबद्दल. तिचा ॲव्हरेज येतो ताशी सहा. अंतर पाच किलोमीटर. वयोगट सात ते बहात्तर. स्थळ : काष्टी.

काष्टी कुठे? पुण्याहून दौंड गाठायचं, भीमा ओलांडायची आणि नगरच्या रस्त्याला दहा-बारा किलोमीटर जायचं. तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं नगर. दौंड-मनमाड लाइनवर स्टेशनसुद्धा आहे. आणि महाराष्ट्रातल्या बैलवाल्याला तर पत्ता सांगावाच लागत नाही, कारण काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार त्याला तोंडपाठ असतो. आमचं घर तिथलं. मे महिन्यात आमची सगळी भावंडं, त्यांची पोरं आणि लॅपटॉप असे तिथे जमतात. तीन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, फर्मान काढलं : रविवारी सकाळी पावणेसहाला, ज्याच्याकडे चाकं आहेत त्याने वाड्यासमोर यायचं. कुठल्या चाकांची ते विचारायचं नाही.

रविवारच का? कारण शनिवारी बाजाराचे टेम्पो आणि पिकअप रस्त्याला लागलेले असतात, तिथे लहान पोरांना घालणं धोक्याचं. मे महिनाच का? कारण तोवर उसाचा सीझन आटोपलेला असतो. हा सगळा भाग उसाचा. हिवाळ्यात पहाटे ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे निघतो, मागे लाल दिवा असला तर नशीब! मेमध्ये आतले शेतरस्ते मोकळे असतात. आणि पावणेसहाच का, हे नगर जिल्ह्याचं ऊन ज्याने खाल्लंय तो विचारणार नाही. सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, साडेसातनंतर तो तुमची कीव करत नाही.

तर पहिल्या रविवारी कोण कोण आलं ऐका. गिअरच्या सायकली घेऊन आलेले पुण्याचे भाचे-पुतणे. हाफ पायडल मारणारी दोन पोरं, काळ्या बावीस इंचीच्या दांड्याखालून पाय घालून. दूधवाले तात्या, ज्यांची सायकल कॅन नसल्यामुळे त्यांनाच अनोळखी वाटत होती. शेजारच्या काकू, सायकल नाही, नुसत्याच 'बघायला'. आणि माझी आत्या.

आत्याचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. तिच्याकडे हाताने फिरवायची तीनचाकी आहे, कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीची. छातीसमोर पायडल, ते हातांनी फिरवायचं. ती किराणा, पोस्ट, देऊळ सगळं त्या गाडीवर करते. पण गेल्या पन्नास वर्षांत घरातून कोणी 'फिरायला' निघालं की तिचं एक वाक्य ठरलेलं : "व्हा तुमी म्होरं, मी येते मागनं." लग्नाच्या वरातीत तेच, जत्रेत तेच. आणि मागनं ती बरेचदा यायचीच नाही. कोणी विचारायचंही नाही.

त्या पहिल्या रविवारीही ती तेच म्हणाली. गिअरवाली पोरं सुसाट सुटली. घोड नदीच्या बाजूच्या रस्त्याला एक मोठं चिंचेचं झाड आहे, तिथे थांबायचं ठरलं होतं. पोरं पोचली, फोटो काढले, सरबत पिऊन झालं, परतीला वळली आणि वाटेत त्यांना आत्या भेटली. अजून झाडाकडे निघालेली, घामाघूम, पदर खोचून पायडल फिरवणारी. "झालं व्हय तुमचं?" एवढंच म्हणाली आणि गाडी वळवायला लागली.

दादा शाळेत शिक्षक आहे, त्याने हे पाहिलं. पुढच्या रविवारी त्याने एकच नियम सांगितला : सगळ्यात पुढे आत्या. तिच्यापुढे कोणी जायचं नाही. सगळ्यात मागे तात्या. त्यांच्यामागे कोणी राहायचं नाही. बस!

सायकल क्लबवाले यालाच 'लीड' आणि 'स्वीप' म्हणतात, डोंगरात फिरणाऱ्यांना तर हे पाठच असतं. पण गंमत बघा, बहुतेक ग्रुपमध्ये लीडला सगळ्यात दणकट गडी असतो. मग मागचे ताणले जातात, कोणीतरी तुटतं आणि पुढच्या वेळी ते येतच नाही. सगळ्यात हळू चालणारं माणूस पुढे ठेवलं की ग्रुप तुटायचा प्रश्नच मिटतो.

गिअरवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होती! ताशी सहाने सायकल चालवणं हे ताशी सव्वीसपेक्षा अवघड असतं. आठवतंय का, शाळेच्या गॅदरिंगला, सव्वीस जानेवारीला 'स्लो सायकल' स्पर्धा असायची? पाय टेकवला की आऊट, जो सगळ्यात शेवटी पोचेल तो पहिला! आमच्या एका पुतण्याने, वय २६, नोकरी हिंजवडी, दहा मिनिटांत सात वेळा पाय टेकवला. हाफ पायडलवाल्या पोरांनी एकदाही नाही. तिसऱ्या रविवारपासून तो आत्याच्या बाजूबाजूने चालवायला लागला. मग गप्पा आल्याच. आपल्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात काय काय विकलं, हे त्याला सव्विसाव्या वर्षी, त्या रस्त्यावर कळलं.

आता शेजारच्या काकू. वय ५४. माहेरी एकच सायकल होती, ती भावांची. सासरी मोटरसायकल, तिच्या मागे बसायचं. चार रविवार 'बघून' झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मला या वयात येईल का रे?" आणि लगेच, "पण लोक बघतील." मग त्यांची बॅच पावणेपाचची ठेवली, लोक उठायच्या आधीची!

मोठ्या माणसाला सायकल शिकवायची म्हणजे मागून सीट धरून धावायचं, असा आपला समज. पळणाराही दमतो आणि शिकणाराही घाबरतो. सोपी युक्ती वेगळी आहे. सायकल घ्या लेडीज, सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकतील, आणि दोन्ही पायडल काढून टाका. पंधरा नंबरचा पाना लागतो. लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तो नेहमीच्या उलट दिशेने सुटतो. आता नुसतं बसायचं आणि पायांनी जमीन ढकलत पुढे जायचं. तोल जातोय वाटलं की पाय आहेतच. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, हे शरीराला आपोआप कळतं. पाय सलग पाच-सात सेकंद उचललेले राहायला लागले की पायडल परत बसवायचे. जर्मनीत कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये सायकलची जी पणजी रस्त्यावर आणली, तिला पायडल नव्हतेच! लोक अशीच ढकलत चालवायचे.

काकूंना नऊ सकाळी लागल्या. दहाव्या सकाळी त्या सहाच्या राइडला आल्या, उजेडात, साडी खोचून. लोकांनी बघितलंच. दोन जणींनी तर थांबवून विचारलं, "आमाला पण शिकवता का?" आता पावणेपाचच्या बॅचला पाच जणी आहेत आणि शिकवतात काकू.

हे वाचून मला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 'अरिवोळी इयक्कम' ही साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेबरोबर बायकांना सायकल शिकवणंही जोडून टाकलं, सायकलसाठी बँकांची कर्जं मिळवून दिली. लाखभर ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तर त्यांनी जेंट्स घेतल्या, आणि मग म्हणायला लागल्या, हीच बरी, दांड्यावर पोर बसवता येतं! आणि आपल्या पुण्याचे दिव्यांशु गणात्रा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या 'ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स' संस्थेने २०१६ मध्ये मनाली ते खारदुंग ला अशी राइड केली, दोन सीटच्या टँडम सायकलींवर, डोळस आणि अंध यांच्या जोड्या करून. पुढचा हँडल आणि ब्रेक सांभाळतो, पायडल दोघांचे. म्हणजे 'मला जमणार नाही' हे बरेचदा माणसाचं नसतं, सायकलीचं असतं. सायकल बदला, नाहीतर रांग बदला.

मोठ्या शहरालाही हे जमतं. कोलंबियातलं बोगोटा १९७४ पासून रविवारी सकाळी मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना आणि चालणाऱ्यांना देतं, आज ते शंभर किलोमीटरच्या वर जातं. आपल्याला एवढं नकोच. एक गल्ली आणि एक तास पुरे.

तर मंडळी, सुट्टी टाकून गावी जाणार असाल किंवा सोसायटीतच असाल, हे कराच. अंतर पाच किलोमीटरच्या वर नको. हमरस्ता टाळा, ओलांडायचाच असेल तर सगळे मिळून, उतरून. आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांच्या हवा आणि ब्रेक तपासा, गावातला पंक्चरवाला एक तास देतोच, त्यालाही राइडला बोलवा. निघण्याआधी पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून या, आणि रिकाम्या पोटी येऊ नका. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, यातलं काही झालं तर तिथेच सावलीत बसवायचं, 'थोडंच राहिलंय' म्हणून ओढायचं नाही. झाडाखाली लिंबू सरबत ठेवा, साखरेबरोबर मीठही घाला. श्रीगोंदा तालुक्याची लिंबं मिळाली तर क्या बात है! आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोण येत नाहीये ते मोजा. जे दारात उभे राहून 'व्हा तुम्ही पुढे' म्हणतात, त्यांच्या घरी जाऊन बोलवा, आणि आले की पुढे ठेवा.

२०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन असतो, आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. म्हणजे हातात मोजकेच रविवार आहेत. तुमच्या सव्वीसच्या ॲव्हरेजला शनिवार आहेच की! रविवार सहाच्या ॲव्हरेजला द्या. आमची पुढची राइड ठरली आहे, लीडचं नाव तुम्हाला माहीतच आहे. फक्त परवा फोनवर तिने एक तक्रार केली : "पोरं लई हळू चालवत्यात रं, त्यांना जरा दम भर!"