पालखी मुक्कामाची एक रात्र

ज्येष्ठाचा वद्य पक्ष लागला की आमच्या घरी माळ्यावरची मोठी पितळी पातेली खाली उतरतात आणि देव्हाऱ्यामागची एक जुनी वही बाहेर येते. पुण्याच्या नाना पेठेत श्रीतुकोबारायांची आणि भवानी पेठेत श्रीज्ञानोबामाउलींची पालखी दोन रात्री विसावते. त्या मुक्कामात तीस-पस्तीस वारकऱ्यांची पंगत उठवावी, अशी आमच्या वडिलांनी घालून दिलेली प्रथा आहे. कोणत्या साली किती पाने उठली, याची नोंद ते त्या वहीत करीत. पुढे ते काम आमच्याकडे आले. नोंद ठेवण्यामागे वडिलांचा हेतू शिधा किती लागतो हे कळावे एवढाच होता. आमच्या हाती आल्यावर मात्र त्या वहीला नकळत जमाखर्चाचे रूप आले, हे आज कबूल केलेले बरे.

२०१८ साली ती पंगत झाली नाही. पालख्या शहरात आल्या त्याच दिवशी आमच्या पत्नीस रुग्णालयात हलवावे लागले. मूत्रपिंडाचा विकार जुनाच होता. त्या दिवशी त्याने उग्र रूप धारण केले. कन्या परगावी, तिला पोचण्यास एक दिवस लागणार. आणि स्त्रियांच्या कक्षात रात्री पुरुष नातेवाइकाने थांबायचे नाही, असा नियम. नियम योग्यच होता. पण आत आपले माणूस तळमळत असता बाहेर लाकडी बाकावर बसून राहणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. दूर पेठेतून टाळमृदंगाचा ध्वनी येत होता. खरे सांगायचे तर तो ध्वनी त्या रात्री आम्हांस नकोसा झाला होता. इतकी वर्षे पाने वाढली, त्याचे हेच फळ काय, असा हिशेब आम्ही मनातल्या मनात विठोबापुढे मांडीत होतो.

रात्री दहाच्या सुमारास कक्षातून एक वृद्धा बाहेर आली. नऊवारी लुगडे, गळ्यात तुळशीची माळ, टाचांना भेगा. परभणीकडची. तिच्या दिंडीतली सोबतीण पाय घसरून पडली होती, आणि तिची खाट आमच्या पत्नीच्या खाटेशेजारीच होती. आमच्याकडे क्षणभर पाहून ती म्हणाली, ‘‘दादा, तुमी हितं निवांत पडा. मी हाय ना आत. त्यान्लाबी बघते अन् हिलाबी.’’

आम्ही संकोचलो. ‘‘मावशी, तुम्ही चालून दमला असाल, आमच्यासाठी कशाला त्रास,’’ असे काहीबाही बोललो. त्या बोलण्यात सभ्यता होती, तसाच अभिमानही होता. वारकऱ्यांना देणारे घर आमचे. त्यांच्याकडून घ्यायचे कसे? तिने ते मनावर घेतले नाही. काखेतली पिशवी सोडून तिने ज्वारीची भाकरी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि ठेच्यासह अर्धी आमच्या हातावर ठेवली. भाकरी शिळी होती. सकाळपासून आमच्या पोटात अन्न नव्हते, हे तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. ‘‘खावा,’’ एवढेच म्हणून ती आत गेली.

रात्रभर तिने आमच्या पत्नीचे पाय चेपले, तोंडात चमच्याने पाणी घातले, दोनदा परिचारिकेला उठवले. हे सारे आम्हांस दुसऱ्या दिवशी पत्नीकडून कळले. सकाळी आम्ही विचारले, ‘‘मावशी, पालखी आता दिवेघाटाकडे निघेल. तुमची वारी चुकेल ना?’’ सोबतिणीकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘हिला सोडून कुटं जाऊ? पाय धरला की गाठू वाखरीला. न्हाई गाठलं तर माउली काय रागावती व्हय?’’

दुःखात सापडलेल्या माणसाला आपल्याकडे एक उपदेश हमखास केला जातो : तुमच्याहून अधिक दुःखी माणसे पाहा, म्हणजे आपले दुःख हलके वाटेल. आम्हांस हा उपदेश कधीच रुचला नाही. दुसऱ्याच्या अधिक वेदनेवर आपले समाधान उभारणे, हे भक्तिमार्गातले बोलणे नव्हे. त्या वृद्धेचे दुःख आमच्याहून मोठे की लहान, हे आम्हांस ठाऊक नाही. तिने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. आमचे दुःखही त्या रात्री तसूभर कमी झाले नाही. ते दुखणे दिवाळीपर्यंत चालले आणि तेथेच आमच्या पत्नीसह संपले. बदलले ते एवढेच की आपण नेहमी वाढणारे, पंगतीत बसणारे दुसरे, ही आमची समजूत त्या बाकावर सुटली.

वास्तविक वारीची सारी घडणच अशी आहे. वारकरी वाटेवर पदोपदी घेत असतो. कोणी भाकरी देतो, कोणी पडवीत पथारीला जागा. चांभार फुकट वहाणा शिवून देतो, नाभिक फुकट दाढी करतो, डॉक्टर पायांचे फोड बांधतो. एवढे घेऊनही वारकरी ओशाळत नाही, कारण भेटेल त्याला ‘माउली’ म्हणून तो त्याच्या पायांवर डोके ठेवतो, आणि समोरचाही त्याच्या पायांवर ठेवतो. तेथे दाता कोण आणि याचक कोण, हे ठरणार कसे? घरात पंखा लावून पुण्य मोजणाऱ्या आमच्यासारख्यांना देणे सोपे जाते. घेणे फार कठीण जाते. गाडगेबाबांनी मात्र दोन्ही साधले. गावाचा रस्ता झाडून झाल्यावर ते मागितलेली भाकरी मातीच्या गाडग्यात घेऊन खात, आणि त्याच पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी दुरून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे आसरा घेतात. तेथे रात्री टेकलेल्या माणसाला आमचे हे म्हणणे विस्ताराने सांगावे लागणार नाही.

ती मावशी पुन्हा भेटली नाही. २०१९ साली दिंड्यांतून आम्ही बराच शोध घेतला. गावाचे नाव विचारून ठेवण्याचे भान त्या सकाळी राहिले नव्हते, हा दोष आमचाच. नंतरची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे साथीची, पादुका एस. टी. बसने पंढरपुरास गेल्या आणि पेठेतला रस्ता त्या दिवशी ओस पडला. आता पंगत पुन्हा बसते. कन्या येते, वाढायला तीच पुढे असते. एखादी आजी पिशवी सोडून आपल्या गावची चटणी पुढे करू लागली, तर आम्ही आता ‘नको, नको’ म्हणत नाही. पानाशेजारी बसून घेतो.

पंगतीनंतर वही निघते. २०१८ चे पान पुष्कळ दिवस कोरेच राहिले होते. पुढे एकदा कन्येने त्याविषयी विचारले, तेव्हा आम्ही लेखणी घेऊन त्यावर वडिलांच्याच पद्धतीने नोंद केली : ‘जेवणारे – एक. अर्धी भाकरी, ठेचा. वाढणारी – परभणीकडची.’