भूल घेण्याआधी जरा तोंड उघडा

ऑपरेशन पित्ताशयाचं, आणि आदल्या दिवशी आलेले डॉक्टर म्हणतात, "आ करा, जीभ बाहेर काढा." नातेवाईक एकमेकांकडे बघतात. तोंडात काय बघायचंय यांना? ते डॉक्टर म्हणजे मी, भूल देणारा. पेशंटनं तेव्हा कंटाळून अर्धवट आ केला की मला काळजी वाटते.

पूर्ण भुलीत स्नायू सैल करणारं औषध दिलं की तुमचा श्वास थांबतो. तो मग आम्ही श्वासनलिकेत नळी घालून चालवतो. नळी घालायला स्वरयंत्र दिसावं लागतं. बहुतेकांचं चटकन दिसतं, काहींचं दिसतच नाही. हे आधी कळलं तर कॅमेऱ्याची दुर्बीण आणि मदतीला आणखी एक भूलतज्ज्ञ हजर ठेवता येतो. कधी घसा बधिर करून, पेशंट जागा असतानाच नळी घालतो. आयत्या वेळी कळलं, तर हातात मोजकी मिनिटं उरतात.

मूळचे आंध्रचे, बोस्टनमध्ये काम करणारे डॉ. मल्लमपती यांनी 1985 मध्ये हे तोंड बघणं शास्त्रात बसवलं. बसून, तोंड पूर्ण उघडून, जीभ बाहेर काढायची. आवाज मात्र काढायचा नाही. पडजीभ पूर्ण दिसली तर बरं, नुसती टाळूच दिसली तर सावध. शिवाय मान मागे किती जाते, खालचे दात वरच्या ओठावर टेकतात का, कंठमण्यापासून हनुवटीपर्यंत साधारण साडेसहा सेंटिमीटर भरतात का, हेही बघतो. जुना मधुमेह असेल तर नमस्कार करायला सांगतो. तळवे एकमेकांना चिकटले नाहीत, तर सांधे ताठरलेत आणि मानेचेही ताठरले असू शकतात.

खरं सांगायचं तर या चाचण्या चुकतात. सगळं नीट दिसूनही नळी अडते. म्हणून तुम्ही जे सांगाल त्याला मोल आहे. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, दात हलतो का, कवळी आहे का? मागच्या भुलीच्या वेळी "नळी घालायला त्रास झाला" असं कुणी म्हणालं होतं का? म्हणालं असेल आणि तसा कागद दिला असेल, तर तो जपून ठेवा. नसेल दिला, तर मागून घ्या.

आणि गुटखा. महाराष्ट्रात त्यावर 2012 पासून बंदी आहे. माझ्यासमोर येणाऱ्या तोंडांना ते माहीत नसावं. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली बाजू पांढरट, ताठ होत जाते, तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होतं. "भुलीत सैल पडेल की," असं लोक म्हणतात. नाही पडत. स्नायू सैल होतात, पण इथे अडवतात ते गालात तयार झालेले ताठ पट्टे. बायको किंवा वडील शेजारी उभे असले की माणूस "कधीमधी खातो" म्हणतो. संकोच वाटत असेल तर मला सांगा, मी त्यांना बाहेर पाठवीन. तुम्हाला उपदेश करायला मी आलेलो नाही, मला फक्त नळी कुठून घालायची ते ठरवायचंय.

आज रात्री आरशासमोर उभे राहा. आपली तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालून बघा. दोनच जात असतील, तर ऑपरेशनची तारीख ठरते त्याच दिवशी सांगा.