तारपा तुम्हीच वाजवा

मोखाड्याच्या एका बैठकीत एका विद्वान गृहस्थांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. आश्रमशाळेतून पळणाऱ्या, हाणामाऱ्या करणाऱ्या, नाहीतर तोंडाला कुलूप लावून बसणाऱ्या पोरांबरोबर मी सुट्टीच्या दिवशी जुना टीव्ही गेम खेळतो, हा माझा गुन्हा. त्यांचं म्हणणं असं: ज्यांच्याकडे तारपा आहे, मुखवट्यांचा बोहाडा आहे, त्यांच्या हाती मारिओ कशाला? बिथरलेल्या पोराला मातीशी जोडा. टाळ्या पडल्या, चहा आला.

माती! दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची घरं कुलपं लावून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आईबाप ज्या मातीत असतात तिच्या विटा होतात. पोरगं आश्रमशाळेत. सुकलेल्या दुध्याचा तारपा फुंकणारा आजा थकलेला, आणि फेर धरायला पाड्यात माणूस नाही. मग रात्री गोधडीत तोंड खुपसून रडणाऱ्या तेरा वर्षांच्या पोरानं संस्कृती राखायची? या गृहस्थांच्या दिवाणखान्यात वारली चित्र आहे, वर खास दिवा. त्यांच्या घरचं पोर बिथरलं तर ते ठाण्यात समुपदेशक शोधतील, त्याला सनई शिकायला धाडणार नाहीत. आमच्या पोरानं मात्र तारपा वाजवून बरं व्हायचं. 1992-93 साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, तेव्हापासून जव्हारला जीपमधून उपदेश येतोच आहे. जीप तेवढ्या बदलल्या.

याच पठडीतल्या मंडळींशी पूर्वी माझा कॅरमवरून वाद झाला होता. कॅरम म्हणे टपोऱ्यांचा खेळ. आता तेच कॅरम स्पर्धेची बक्षिसं वाटतात, फोटोसकट. असो.

व्यसन लागेल? आम्ही खेळतो त्या कॉन्ट्रा गेमचे टप्पे आठ, संपले की संपले. रिचार्ज नाही, जाहिरात नाही. मारामारी शिकतील? बोहाड्यात महिषासुर काय गुदगुल्यांनी मरतो? लाइट जाते? जाते.

गेमनं कुणी सुधारतं असा माझा दावा नाही. मला एवढंच कळलंय की समोर खुर्ची मांडून 'बाळा, काय होतंय तुला?' विचारलं की पोरगं पायाच्या अंगठ्याकडे बघतं. शेजारी बसलं, दोघांची नजर टीव्हीवर असली, की जीभ सैल होते.

कॉन्ट्रा 1988 साली घरच्या टीव्हीवर आला. कॅसेट फुंकून लावायची. तिसऱ्या टप्प्यात धबधबा आहे, आमच्या डाभोशासारखा उभा. दोघांनी बरोबरीनं चढायचं. एक भराभर वर गेला की पडदा सरकतो आणि खालचा मरतो. महिनाभर गप्प असलेला एक पोरगा तिथं माझ्यासाठी थांबायला लागला. तरी माझ्या लाइफ संपल्या. या खेळात जोडीदाराच्या उरलेल्यातली एक घेता येते. मी बटण दाबून घेतली, न विचारता.

"बयाणा घेतला, सर," तो म्हणाला. "आता फेडा."

भट्टीवाला शेठ हंगामाआधी जी उचल देतो, तिला इकडे बयाणा म्हणतात. बापानं किती घेतलाय, मी पडद्याकडे बघतच विचारलं. त्यानं आकडा सांगितला. मग बहिणीलाही भट्टीवर नेलंय, हे सांगितलं. तेवढ्यात लाइट गेली. तो सांगतच राहिला.