वेल्डरच्या हातात त्याचं पुस्तक द्या

माझा भाचा मागच्या आठवड्यात मुंबईहून आला तो थेट माझ्या शेडवर. घरीही गेला नव्हता, पाठीवरची बॅग तशीच. आखातातल्या कामासाठी त्याची मुलाखत होती. चार सीझन त्याने मुंबई हायच्या कामावर, बार्जवर राहून वेल्डिंग केलं. समोरच्या माणसाने विचारलं, सिक्स-जीची टेस्ट पास झाल्याचा कागद दाखव, तुझ्या जोडांचं एक्स-रेचं रेकॉर्ड दाखव. याच्याकडे मुदत संपलेला गेटपास होता आणि मोबाइलमध्ये जेट्टीवर काढलेले दोन फोटो. पाच मिनिटांत बाहेर.

"मामा, चार सीझन केले ते गेले कुठं मग?"

मला उत्तर देता आलं नाही. माझे नऊ सीझनही तिथेच गेलेत.

शेवगावात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्यांचे साटे, गेट, पत्र्याचे शेड ही आता माझी कामं. वेल्डिंग शिकलो ते साखर कारखान्याच्या ऑफ-सीझनला, बॉयलरच्या ट्यूबा बदलताना. बॉयलरच्या दाबाखालच्या जोडाला हात लावायचा तर सरकारी बॉयलर खात्याची परीक्षा द्यावी लागते. ती पास झालो तेव्हा माझ्या नावाचं, माझा फोटो लावलेलं सर्टिफिकेट मिळालं. आईने ते देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावलं होतं. मुदत असते त्याला, ठरावीक काळाने नवं करून घ्यावं लागतं, पण ते माझं होतं. कारखाना बदलला तरी माझ्या पिशवीतून माझ्याबरोबर आलं.

2006 च्या दिवाळीनंतर पहिल्यांदा समुद्रावर गेलो. तोपर्यंत जायकवाडीचा फुगवटा सोडला तर मोठं पाणी मी पाहिलं नव्हतं. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत मुंबई हाय आहे. सागर सम्राट या रिगने 1974 साली तिथे तेल शोधलं आणि 1976 पासून ते निघायला लागलं. तिथला वायू समुद्राच्या तळावरच्या पाइपांतून उरणला येतो, तिथे त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. आपल्याकडे चहा उकळतो त्याच्या मागे असे हजारो जोड आहेत, आणि प्रत्येक जोड कुणीतरी हाताने मारलेला आहे. ते हात बहुतेक कंत्राटी माणसांचे असतात. बांधकामाचा सीझन पावसाळा संपला की सुरू होतो आणि पुढचा पावसाळा लागायच्या आत गुंडाळतो. आपल्याकडच्या ऊसतोडीसारखंच ते, दिवाळी झाली की निघायचं.

शिफ्ट बारा तासांची. पण वेल्डर बारा तास वेल्डिंग करत नाही, हे घरच्यांना सांगून पटायचं नाही. आधी परमिट. जिथे आपण आग पेटवणार, त्याच्या दोन हातांवरच्या पाइपातून वायू वाहत असतो. गॅस तपासणारा मीटर घेऊन येतो, वर, खाली, कोपऱ्यात फिरवतो. ज्वलनशील वायूचा मागमूस लागला की काम बंद, बसून राहा. सगळं ठीक असेल तर जाळीवर आगरोधक पांघरूण घालायचं, वाऱ्याला आडोसा म्हणून ताडपत्रीचं खोपटं बांधायचं, फायरवॉच पाण्याचा पाइप धरून उभा राहतो. जाळीच्या खाली थेट समुद्र दिसतो. पहिल्या वर्षी मला खाली बघवत नसे.

मग जोड. फिटरने पाइपाची तोंडं जुळवून टॅक मारलेले असतात, मध्ये तीनेक मिलिमीटरची फट. पहिला थर म्हणजे रूट. तो आतल्या बाजूला एकसारखा उतरला पाहिजे, आणि आत तर डोळा पोचत नाही. आवाजावर जायचं. रूट बरोबर उतरत असेल तर फटीतून हवा फुंकल्यासारखा एक आवाज सलग येत राहतो. तो तुटला की समजायचं, इथे चुकलं. त्यावर हॉट पास, मग फिलरचे थर, शेवटी कॅपिंग. शेडवर मी ट्रॉली उलटी करून घेतो, तिथे पाइप जागचा हलत नाही, माणसाने त्याच्याभोवती फिरायचं. अर्धा तास उताणा, अर्धा तास एका गुडघ्यावर, डोकं दोन पाइपांच्या बेचक्यात. रॉड गरम डब्यात ठेवायचे आणि एकेक काढायचा. समुद्राच्या हवेतला ओलावा रॉडने ओढला की जोडात हायड्रोजन शिरतो, आणि वरून देखणा दिसणारा जोड दुसऱ्या दिवशी आतून चिरलेला निघतो. डोळ्यांत वाळू खुपल्यासारखं झालं की रात्री बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचं.

जोड पुरा झाला की त्याच्या शेजारी मार्करने आपला नंबर लिहायचा. माझा डब्ल्यू-43. हा नंबर नकाशावर चढतो, रजिस्टरमध्ये चढतो, एक्स-रेच्या फिल्मवरच्या नोंदीत चढतो.

2011 च्या मार्चमधली एक रात्र मला अजून आठवते. जेवून आडवा झालो होतो, दोन वाजता उठवायला आले. त्रेचाळीस, तुझा जोड रिपेअरला आलाय. उजेडाच्या पेटीवर फिल्म लावलेली होती. पांढरट पट्ट्यात मोहरीएवढे पाच-सहा काळे ठिपके, एका रांगेत. तिथेच ताडपत्रीचं एक टोक सुटलं होतं, वारा आत शिरला, वितळलेल्या धातूवरचा वायूचा पडदा हलला आणि बुडबुडे आत राहिले. पहाटे सहापर्यंत मी तो भाग ग्राइंडरने कोरून काढला आणि पुन्हा भरला. मला त्या रात्रीचा राग नाही. उलट ही पद्धत मला मनापासून पटते. चूक कुणाची ते अडीच इंचांपर्यंत मोजून सांगता येतं, आणि ज्याची चूक तोच दुरुस्त करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तीच वही माझ्या चांगल्या जोडांचीही आहे. ती मला का मिळत नाही?

2015 ला मी काम सोडलं. ज्या कंत्राटदाराकडे शेवटचे सीझन केले, त्याच्या ऑफिसात टेस्टचे कागद मागायला गेलो. ते प्रोजेक्टच्या फाइलला लागलेत म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फाइल क्लायंटकडे जमा झाली होती. तिसऱ्यांदा गेलो तर ऑफिसच्या जागी कपड्याचं दुकान. नऊ सीझनमध्ये मी किती इंच वेल्डिंग केलं, किती जोड पास झाले, किती रिपेअरला आले, हे सगळं कुठेतरी लिहिलेलं आहे. माझ्याकडे त्यातली एक ओळ नाही.

याचं मूळ नियमात आहे, ते समजून घेतलं पाहिजे. या कामात अमेरिकेतल्या एएसएमई या अभियंत्यांच्या संस्थेचा कोड चालतो. वेल्डरची टेस्ट घ्यायची जबाबदारी त्यात काम देणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून टेस्टचा कागद कंपनीचा. शिवाय त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर पात्रता संपते. हे दोन्ही नियम मला चुकीचे वाटत नाहीत. हात गंजतो, हे मी स्वतःवरून सांगतो. नव्या मालकाने पुन्हा टेस्ट घ्यावी, जरूर घ्यावी. पण टेस्ट घेणं वेगळं आणि निकालाचा कागद दाबून ठेवणं वेगळं. निकालाची प्रत वेल्डरला देऊ नये, असं कुठल्याही कोडमध्ये लिहिलेलं नाही.

एका जोडाने काय होतं हे ज्यांना वाटतं, त्यांना नॉर्वेजवळच्या समुद्रातली गोष्ट सांगतो. अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म होता, तेलाच्या कामावरची माणसं तिथे राहायची. 27 मार्च 1980 ला तो वादळात उलटला. 212 माणसांपैकी 123 गेली. चौकशीत सापडलं ते एका आडव्या नळकांड्यावर बसवलेल्या छोट्या आधाराचं वेल्डिंग. पाण्याखालचा आवाज टिपणारं एक उपकरण त्या आधारावर बसायचं. सहा मिलिमीटरचा जोड, तोही नीट न मारलेला. भार घेणारा म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तिथून चीर सुरू झाली, वाढत गेली, आणि एक पाय निखळला. आमच्या बार्जवर एका जुन्या इन्स्पेक्टरने हे आम्हाला सांगितलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस साधी क्लिप मारतानाही माझा हात सावकाश चालायचा.

इतक्या मोलाचं काम ज्याच्या हातात देता, त्याचा हात कसा आहे हे ठरवायला दरवेळी कोऱ्या पाटीपासून सुरुवात का? त्याच बार्जवरच्या खलाशाकडे पाहा. त्याच्याजवळ सीडीसी असते, जहाजवाहतुकीच्या महासंचालनालयाने दिलेलं पुस्तक. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, कोणत्या हुद्द्यावर होता, सगळं शिक्क्यानिशी. जहाज भंगारात गेलं, कंपनी बुडाली, तरी पुस्तक त्याच्या ट्रंकेत राहतं. आमच्या बार्जवर डेक धुणाऱ्या पोराकडे ते होतं. त्याच डेकवर हाय प्रेशरच्या लाइनचा जोड मारणाऱ्याकडे काही नव्हतं.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 ही बार्ज बुडाली. 261 माणसं होती तिच्यावर, सत्तरहून जास्त गेली. टीव्हीवर पाहताना मी एका जागी बसू शकलो नाही. नंतर काही मृतदेहांची ओळख डीएनए तपासून पटवावी लागली. तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की तिथे समुद्रात इतके वेल्डर, फिटर, रिगर, हेल्पर, आचारी असतात. आठवडाभर त्यांच्याबद्दल बोललं गेलं.

कायदा नाही असंही नाही. कंत्राटी कामगारांसाठीच्या 1971 च्या केंद्रीय नियमांत काम संपल्यावर कंत्राटदाराने सेवा प्रमाणपत्र द्यावं असं होतं. 2020 साली संसदेने कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची जी संहिता केली, तिच्यातही अनुभवाचं प्रमाणपत्र आहे, पण कामगाराने मागितल्यावर. या "मागितल्यावर" शब्दातच सगळं अडतं. पुढच्या सीझनला ज्याने फोन करून बोलवायचं, त्याच्याकडे कागदासाठी कोण अडून बसणार? आणि "अमुक ते अमुक तारखेपर्यंत वेल्डर म्हणून काम केले" एवढ्या एका ओळीने मुलाखतीत काही होत नाही. पाइपाचा व्यास, जाडी, कोणती पोझिशन, कोणती पद्धत, एक्स-रेचा निकाल, हे हवं.

म्हणून समुद्रावरच्या प्रत्येक वेल्डरला त्याच्या नावाचं एक पुस्तक मिळावं. पहिल्या पानावर फोटो, पुढे प्रत्येक टेस्ट आणि प्रत्येक सीझनचा पास-रिपेअरचा हिशेब, खाली इन्स्पेक्टरची सही. समुद्रातल्या तेलाच्या कामाच्या सुरक्षेचे नियम 2008 पासून केंद्राने केलेलेच आहेत, त्यांत हे घालता येईल. तोवर ज्या तेल कंपनीचं काम आहे, तिने टेंडरमध्ये एक अट टाकावी: प्रत्येक वेल्डरला त्याच्या नोंदी दिल्याच्या सह्या जोडल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघणार नाही. मी या धंद्यात आयुष्य काढलंय. बिल अडलं की कुठल्याही कपाटातून कागद निघतात.

कंत्राटदार म्हणतील, कागद हातात दिला की माणूस दुसरीकडे जातो. जाईल. चांगल्या हाताला जास्त पैसे मिळत असतील तर त्याने जावंच. सध्या काय होतं? खरा वेल्डर रिकाम्या हाताने उभा राहतो आणि एजंटाकडून खोटं सर्टिफिकेट विकत घेतलेला आत जातो. हा धोका त्या लाइनजवळ झोपणाऱ्या सगळ्यांना आहे.

भाच्याची दुसरीकडे सोमवारी टेस्ट आहे, स्वतःच्या खर्चाने. शेडमध्ये मी त्याला सिक्स-जीच्या सरावासाठी सहा इंची पाइप पंचेचाळीस अंशात बांधून दिलाय. रोज संध्याकाळी गिऱ्हाईक गेलं की तो रूट मारतो आणि मी पाठमोरा उभा राहून आवाज ऐकतो. काल बाजारातून त्याच्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही आणली. टेस्टच्या कागदाची झेरॉक्स माग म्हणून सांगितलंय. नाही दिली तर तारीख, जाडी, पोझिशन, इन्स्पेक्टरचं नाव वहीत उतरवून ठेव, जोड पास झाला तरी लिही, रिपेअरला आला तरी लिही. मी नऊ सीझनमध्ये एक ओळ लिहिली नव्हती.