कपाटातील कॅसेटी : अमानतही आणि धंदाही

किहीमपासून रेवदंडा-मुरूडपर्यंतच्या किनाऱ्यावर अशी पुष्कळ घरे आहेत, जिथे कपाटाच्या वरच्या फळीवर लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी धूळ खात पडल्या आहेत. १९८० नंतर आखातात नोकरीला गेलेल्या आमच्या लोकांनी येताना व्हीसीआर आणले, कुणी कॅमेराही आणला. निकाह, वलीमा, हजला निघालेल्या बुजुर्गांचा निरोप, सारे फितीवर उतरले. त्यातील कितीतरी माणसे आज हयात नाहीत. त्यांचा आवाज व चालणे-बोलणे आता फक्त त्या फितीत उरले आहे, आणि ती फीत हळूहळू खराब होत आहे.

व्हीएचएसची फीत म्हणजे अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी चिकट लेपाने बसवलेली असते. दमट हवेत हा लेप पाणी धरतो, सुटू लागतो, वर बुरशी चढते. पावसाळ्यात गोदामातील ताग्यांचे काय होते हे आम्हा कापडवाल्यांना सांगायला नको. फरक इतकाच की, डागाळलेले कापड उतरत्या भावाने तरी खपते. भुकटी सुटलेल्या फितीवरचे चित्र परत मिळत नाही.

दुसरी अडचण यंत्राची. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणले आणि २०१६ च्या जुलैमध्ये फुनाई या जपानी कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. नवा व्हीसीआर आता कोणी बनवत नाही. चुंबकीय फिती २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घ्या, नंतर यंत्रे व सुटे भाग मिळणे कठीण होईल, असा इशारा युनेस्कोच्या उपक्रमातून २०१९ मध्येच दिला गेला होता. ती मुदत आता आली आहे.

किहीमचे नाव निघाले की डॉ. सालिम अली आठवतात. १९३० मध्ये हाताला नोकरी नसताना ते पत्नी तहमीना यांच्यासह येथे येऊन राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. सुगरण म्हणजे पक्ष्यांतील विणकरच! त्यांचा तो अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. कागदावर उतरला म्हणून तो आजही वाचता येतो. १९८८ च्या लग्नाची कॅसेट मात्र यंत्रावाचून मुकी आहे.

आता धंद्याचे बोलू. हे काम आमच्या तरुणांनी हाती घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लागते काय? चांगल्या स्थितीतील व्हीसीआर, चित्र संगणकात घेणारे छोटे यंत्र, साधा संगणक आणि सबुरी. हिशेब मात्र आधी करावा. ई-१८० कॅसेट तीन तासांची असते व ती उतरवायला तीन तासच लागतात. शंभर कॅसेटींचे काम घेतले तर तीनशे तास झाले. रोज आठ तास धरले तरी एका व्हीसीआरला ३८ दिवस. डीव्ही पद्धतीने घेतल्यास एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे एका कॅसेटीला ३९ जीबी. याचा विचार न करता भाव सांगणारा तोट्यातच जाईल.

कामाचे काही नियम आहेत. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट यंत्रात घालू नये. यंत्राचे हेड बिघडेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेटही खराब होईल. प्रथम संपूर्ण कॅसेट जशीच्या तशी उतरवावी, काटछाट नंतर, तीही दुसऱ्या प्रतीवर. अख्खा तागा कोणी मापाआधी कापत नाही. जुने चौकोनी चित्र ताणून रुंद करू नये, माणसे बुटकी व जाड दिसतात. मूळ आवाज पुसून वर गाणी चढवू नयेत. आजीची हाक गाण्यापेक्षा मोलाची आहे. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ कॅसेट फेकू नये.

सर्वांत मोठी गोष्ट विश्वासाची. या कॅसेटींत घरच्या लेकी-सुना आहेत. बाहेर दिलेल्या लग्नाच्या चित्रांचे तुकडे भलत्यांच्या मोबाइलवर पोचले, तर आब्रूचे नुकसान कोण भरून देणार? म्हणून काम करणाऱ्याने लिहून द्यावे की प्रत गिऱ्हाइकाच्या हाती पडताच आपल्याकडील पुसली जाईल. अमानत सांभाळणाऱ्या दुकानाला जाहिरातीची गरज पडत नाही.

कारागीर बांधवांसाठीही एक गोष्ट. त्या कॅसेटींत त्या काळचे शरारे, ओढण्या, जरीचे काठ, खडीकाम सारे दिसते. ज्यांनी ते हाताने केले त्यांपैकी अनेकांनी नमुन्यांची वही ठेवली नाही. चित्र थांबवून पाहिले तर कितीतरी विसरलेले नमुने पुन्हा हाती लागतील. आज जुन्या पद्धतीच्या कामाला मागणी आहे, पण नमुनाच नसेल तर कारागिराने काय पाहून सुई चालवावी?

तेव्हा येता पावसाळा लागण्यापूर्वी कपाट उघडावे, प्रत्येक कॅसेटीवर नाव व साल लिहावे आणि सर्वांत जुनी कॅसेट आधी उतरवून घ्यावी.