नट कीं मातीचा गोळा ?

जपानी नट तोशिरो मिफुने (१९२०–१९९७) यांचा विषय निघाला कीं आमचे कांहीं समीक्षक एक ठराविक सिद्धांत पुढें करतात : मिफुने म्हणजे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीं घडविलेली मूर्ति, १९६५ सालीं दोघांची फारकत झाली आणि मूर्तींतला देव निघून गेला! हें मत नटाच्या कलेचा उपमर्द करणारें असल्यामुळें त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

१९४६ सालीं तोहो कंपनीनें नवे चेहरे निवडण्यासाठीं घेतलेल्या परीक्षेंत या तरुणाचा रांगडेपणा परीक्षकांस खटकला. त्याची बाजू उचलून धरली काजिरो यामामोतो यांनीं. कुरोसावाही त्याच्या वतीनें बोलले, हें खरें. पण बोलले म्हणजे तेज आधींच दिसलें होतें. पहिला चित्रपट (१९४७) दिला तोही सेन्किची तानिगुची यांनीं. कुरोसावांचा 'मद्यपी देवदूत' १९४८ चा. त्यांत खरा मान डॉक्टरच्या भूमिकेचा. परंतु मिफुने यांच्या क्षयग्रस्त गुंडानें चित्रपटच बळकावला, व आपणांस त्यांना आवरतां आलें नाहीं, असें स्वतः कुरोसावांनीं आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. कुंभाराच्या हाताला न जुमानणारी ही माती कसली ?

दोघांनीं मिळून सोळा चित्रपट केले. त्यांच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. पण १९५८ सालीं व्हेनिसला सुवर्णसिंह मिळविणारा, विधवेवरील प्रेम ओठांवर न आणणारा रिक्षावाला इनागाकी यांच्या चित्रपटांतला आहे. आणि फारकतीनंतर दोनच वर्षांनीं, १९६७ सालीं, कोबायाशी यांचा 'सामुराईचें बंड' आला. त्याच्या निर्मितींत मिफुने यांच्या स्वतःच्या संस्थेचा वांटा होता. सरदारानें टाकलेली स्त्री हुकुमानें सून म्हणून घरांत घ्यावयाची, आणि तिचा मुलगा वारस ठरतांच हुकुमानेंच परत धाडावयाची ! जन्मभर मालकापुढें आणि बायकोपुढें मान लववीत आलेला म्हातारा येथें प्रथमच 'नाहीं' म्हणतो. तो नकार मिफुने ओरडून देत नाहींत. चेहऱ्यावरची ओशाळी नम्रता हळूहळू वितळत जाते. हें कोणत्या कुंभाराचें काम ?

पुढें परदेशी चित्रपटांत त्यांनीं पुष्कळ हलक्या भूमिका केल्या, हें कबूल. पण १९६५ नंतर कुरोसावांचाही पुढचा चित्रपट पडद्यावर यावयास १९७० साल उजाडलें. त्या पांच वर्षांचा हिशेब मात्र हे समीक्षक कोणाच्याच नांवावर मांडीत नाहींत !